चंद्रकलाताईंच्या मागच्या चाकाचा टायर

चंद्रकलाताई साळवे यांच्यावर अन्याय झाला तो पोळ्याच्या करीनंतर आलेल्या सोमवारी, सकाळी आठच्या सुमारास, बोरीच्या अलीकडं तीन मैलांवर, गाडीवाटेवर. त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला आणि हवा गेली. पुढं जे घडलं त्याला पंचायत समितीचं ऑफिस जबाबदार आहे, त्यांच्या गावचे सरपंच जबाबदार आहेत, आणि ते मी लिहिणारच आहे. पण तो टायर मी बसवला होता. ताईंनी मागितला होता तो टायर हा नव्हता. म्हणून सुरुवात माझ्यापासून करतो.

मी बोरीत गफूरचाचांच्या सायकल दुकानात मेकॅनिक आहे. दिवसा पाना, संध्याकाळी चळवळ. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं लिहून लिहून माझा हात बसला. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाईल करायचं, एसटी स्टँडवर उभं राहून वाटायचं. पत्रकाची एक रीत असते. अन्याय कुणावर झाला ते पहिल्या ओळीत, कुणी केला ते दुसऱ्या ओळीत, शेवटी मागणी. मधे 'बहुधा', 'कदाचित' असले शब्द येऊ द्यायचे नाहीत. रीत चांगली आहे. फक्त मी ती दुकानातही चालवायला लागलो.

ताई बोरीपासून सहा मैलांवरच्या गावच्या. गावाचं नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय. दहावी पास झालेली त्यांच्या बौद्धवस्तीतली पहिली बाई. विहाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवायच्या. मागच्या वर्षी त्या गावाला अंगणवाडी मंजूर झाली आणि सेविकेची जागा निघाली. बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं अंगणवाडीला इमारत नसते. सेविका जागा दाखवेल तिथं ती भरते. म्हणजे सेविका कोण होणार यावर पोरं कुठं बसणार ते ठरतं.

अर्ज दोन आले. एक ताईंचा, एक सरपंचांच्या सुनेचा. ताईंना जागा मिळाली तर अंगणवाडी पत्र्याच्या शेडमध्ये, तिथं कुणीही यावं. सूनबाईंना मिळाली तर सरपंचांच्या ओसरीवर. वस्तीतलं पोर त्या ओसरीच्या पायरीपर्यंत जातं. पायरी चढत नाही. चढू नको असं कुणी मोठ्यानं सांगत नाही, सांगायची गरजही पडत नाही.

इंटरव्ह्यूचा कॉल आला. सोमवारी अकरा वाजता, जिंतूरला. शनिवारी ताई सायकल घेऊन दुकानात आल्या. बदली होऊन गेलेल्या एका नर्सबाईंकडून घेतलेली लेडीज सायकल, सव्वीस इंची. मागचा टायर संपला होता. कडेची तार बाहेर आली होती. टायरच्या कडेला आतून पोलादी तार असते, तिच्यामुळं तो रीमला धरून बसतो. तार निघाली की टायर गेला.

चाचा माल आणायला परभणीला गेले होते. दुकानात मी एकटा.

"जयभीम, भाऊ. मागचा बदलून द्या," ताई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी बोरीला येऊन नऊची एसटी धरायचीय."

"नवा टाकतो."

"नवा नको. बरा बघून जुना काळा टाका. आतून गेटर घाला."

गेटर म्हणजे काय ते सांगतो. वाया गेलेल्या टायरच्या दोन्ही तारा कापून काढायच्या. मधली जाड पट्टी उरते. ती चालू टायरच्या आत, ट्यूबच्या भोवती अस्तरासारखी घालायची. काटा बाहेरचा टायर फोडून आला तरी पट्टीत अडकतो, ट्यूबपर्यंत पोचत नाही. सायकल जड होते, चढावर मांड्या भरून येतात. पण माणूस पोचतं.

गेटर म्हटलं की माझं डोकं फिरायचं. त्याला कारण होतं. मी त्या दुकानात लागल्यापासून बघत होतो. वस्तीतलं माणूस आलं की चाचा न विचारता जुना टायर काढणार आणि आत गेटर घालणार. कॉलेजात जाणारं पाटलाचं पोरगं आलं की खुंटीवरचा नवा टायर उतरवणार. नवा म्हणजे बदामी बगलेचा, नायलॉनचा, वजनाला हलका. काळा जाड टायर रस्त्यावर घासत जातो, हा बदामी नुसता पळतो. मी मनात पत्रक लिहून ठेवलं होतं. नवं त्यांना, ठिगळ आम्हाला.

मी म्हणालो, "ताई, तुमी इंटरव्ह्यूला चाललात. फाटकं नेसून जाणार हायत का? मग सायकलीलाच ठिगळ कशाला?"

"सायकल कुठं सायबासमोर न्यायचीय? ती तर बोरीतच ऱ्हाणार." त्या हसल्या. "भाऊ, आमच्याकडं लोक शेताला काट्या टाकायलेत. वाटंवर लय पडल्यात."

"तुमी सडकंनं येणार ना?"

"वढ्याला पाणी नसंल तर सडक. असंल तर गाडीवाट."

हे त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. आणि तरी मी त्यांना टायरवर भाषण दिलं. त्या भाषणात खोटं काही नव्हतं, हेच वाईट. मी म्हणालो, गेटर घातला की टायर फुगतो. पाऊस झाल्यावर काळी माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये कोंबून बसते आणि फुगलेलं चाक जागेवर अडकतं. पातळ टायर मातीतून कापत जातो. हे खरं आहे. कुठल्याही मेकॅनिकला विचारा. पण माती काडीनं खरवडून काढता येते. ट्यूबमधून गेलेली हवा परत येत नाही. ते वाक्य मी गाळलं.

"तुमच्या मनानं करा मग," ताई म्हणाल्या. "तुमी रोज बघता."

मी बदामी टायर बसवला. नवी ट्यूब घातली. चाक फिरवून आउट काढला, म्हणजे रीम डगमगत होती ती आरे आवळून सरळ केली. काम झकास केलं. ताई सायकलवर बसून गेल्या तेव्हा मला वाटलं, आज या दुकानात पहिल्यांदा काहीतरी न्यायाचं झालं.

संध्याकाळी चाचा आले. माल उतरवताना त्यांची नजर खुंटीकडं गेली.

"बदामी किसको डाला?"

"चंद्रकलाताईंना."

"पीछे के चाक को?"

"हौ."

"उसका रस्ता पूछा क्या?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. "चाचा, पाटलाच्या पोराला कधी रस्ता विचारला का तुमी?"

चाचांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "उसका रस्ता मेरे को मालूम है. घर से कॉलेज, पूरा डांबर. और पाटील के खेत पे जो सायकल है, सालदार चलाता सो, उसमें क्या है?"

त्या सायकलीत गेटर होता. मागच्या महिन्यात मीच घातला होता.

"मैं आदमी देखके टायर नहीं देता रे मिलिंद. चाक को लगी मिट्टी देखके देता. कल इतवार है. सुबह जा, काला लगाके दे. पट्टी मैं काटके रखता."

त्यांनी पट्टी कापून ठेवली. रविवारी जिंतूरला आमची मीटिंग होती. मी मीटिंगला गेलो. तिथं मी बोललोही. विषय होता, कार्यकर्त्यानं लोकांचं ऐकलं पाहिजे. टाळ्या पडल्या. पट्टी दुकानात खिळ्याला लटकत राहिली.

रविवारी दुपारनंतर पाऊस झाला आणि ओढ्याला पाणी आलं.

सोमवारी साडेनऊच्या पुढं ताई दुकानासमोर आल्या. सायकल ढकलत. गुडघ्यापर्यंत चिखल, कॉलचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी. एसटी गेली होती. मागचं चाक पार रीमवर आलं होतं. चाचांनी पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतः चाक उघडलं. ट्यूबमधून तीन काटे निघाले. ते त्यांनी टूलबॉक्सच्या झाकणावर एकाशेजारी एक ठेवले. मी बघावं म्हणूनच ठेवले.

"नऊची गेली का?" ताईंनी विचारलं.

"गेली," मी म्हणालो.

ताई पदराच्या कोपऱ्यानं कॉलच्या पिशवीवरचा चिखल पुसायला लागल्या.

चाचा जिंतूरच्या प्रवासी जीपकडं धावले. आमच्याकडच्या जीपा भरल्याशिवाय हलत नाहीत, आणि भरली म्हणजे काय ते ड्रायव्हर ठरवतो.

"निकल रे. भर गई समझ," चाचा म्हणाले.

"चाचा, अजून चार जण बसतेत."

"बाई का इंटरव्ह्यू है."

"मंग माज्या गाडीचा बी इंटरव्ह्यू घ्या की. आरटीओवाला रोज घेतो."

बसलेले लोक हसले. जीप आणखी पाऊण तासानं हलली.

ताई जिंतूरला पोचल्या तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. पुढचं त्यांनी संध्याकाळी सांगितलं ते असं. क्लार्क म्हणाला, नाव दोनदा पुकारलं, गैरहजर लिहिलं. साहेब आत होते, दार उघडं होतं, दुसऱ्या गावांचे इंटरव्ह्यू चालू होते. ताई बाकावर बसून राहिल्या. बाराच्या पुढं सरपंचांची जीप आली. सूनबाई उतरल्या. आत गेल्या. चहाचे कप आत गेले. ताईंनी क्लार्कला विचारलं, "यांचं नाव कव्हा पुकारलं होतं?" क्लार्क म्हणाला, "त्यांचा निरोप आला होता उशीर होतोय म्हणून." ताई म्हणाल्या, "आमी निरोप कुणाबरोबर धाडायचा?" क्लार्कनं फाईल उघडली आणि वाचायला लागला.

उशीर दोघींना झाला. एकीला निरोप पुरला, दुसरीला साडेअकरा पुरले नाहीत. अन्याय एवढाच, आणि एवढा पुरेसा होता. कुठल्याही चौकशीत तो टिकला असता. मी तेवढाच लिहायला पाहिजे होता.

पण माझ्या डोळ्यांसमोर टूलबॉक्सचं झाकण होतं. ते तीन काटे. त्यांचं काय करायचं? टायर कुणी बसवला हे लिहिलं तर पत्रक माझ्यावरच येतं. काट्यांना दुसरा धनी पाहिजे होता. मी त्याच रात्री स्टेन्सिल कापलं. पहिली ओळ: 'बौद्ध भगिनीला इंटरव्ह्यूला जाता येऊ नये म्हणून जातीयवाद्यांनी वाटेवर काटे पसरले.' सूनबाईंच्या उशिराची गोष्ट खालून चौथ्या ओळीत गेली. ताईंना मी पत्रक दाखवलं नाही. कशाला दाखवायचं, त्यांच्या बाजूचंच तर होतं.

आठ दिवसांत पत्रक तालुक्यात फिरलं. पंचायत समितीला चौकशी लावावी लागली. आम्ही म्हणालो, जिंकलो. विस्तार अधिकारी गावात आले. चावडीसमोर खुर्ची टाकली. मी मुद्दाम बोरीहून गेलो. गाव जमलं होतं. सगळ्यात पुढं किसनमामा उभे होते.

किसनमामा म्हणजे दोन एकरांचे शेतकरी. मराठ्याचे. गाडीवाटेला लागून त्यांचा तुकडा, हायब्रीड ज्वारीला जनावरं लागू नयेत म्हणून त्यांनी बांधावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. त्यातल्याच काही वाऱ्यापावसानं वाटेवर आलेल्या. सोमवारी सकाळी ताईंची हवा गेली तेव्हा किसनमामा शेतातच होते. पहिला काटा त्यांनीच उपटला. अंगठ्यानं भोक दाबून बघितलं, रुमाल बांधून बघितला, आणि सडकेला लागेपर्यंत सायकलीला मागून हात लावत चालत आले. ताई घरून सात वाजता निघाल्या होत्या, आठला वाटेवर होत्या, याला साक्षीदार एकच. किसनमामा. हे मला त्या चावडीसमोर कळलं. ताईंनी आधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

मामांच्या हातात माझं पत्रक होतं. त्यांना वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

"बाई," ते ताईंना म्हणाले, "मी तुज्यासाठी काट्या पसरल्या व्हय?"

"न्हाई मामा."

"मंग ह्याच्यात कसं आलं?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी अधिकाऱ्यांकडं बघितलं.

अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्हाला वाटेत कोणी अडवलं?"

"कुनी न्हाई. काटा मोडला."

"काटे कोणी मुद्दाम टाकले?"

"न्हाई. कुंपनाचे व्हते."

"म्हणजे पत्रकात लिहिलंय ते खोटं."

"ते खोटं हाय. पर साहेब, सरपंचाची सून बारा वाजता आली. माज्या मागून. तिला घेतलं."

"ते पत्रकात शेवटी आहे. सुरुवातच खोटी, तर शेवटाचं काय वाचू?" त्यांनी पत्रक घडी करून फाईलमध्ये ठेवलं. "तुम्ही वेळेवर निघाला होतात, याला कोण साक्षी आहे?"

ताई मामांकडं बघत होत्या. किसनमामा म्हणाले, "मला ह्याच्यात घेऊ नगा," आणि शेताकडं निघून गेले.

मला तेव्हा बोलता आलं असतं. साहेब, पत्रक मी लिहिलं, टायर मी बसवला, पहिली ओळ माझी, खालून चौथी ओळ खरी. चार वाक्यं. मी लोकांसमोर तास तास बोललोय. ती चार वाक्यं तोंडातून निघाली नाहीत. तक्रार निकाली निघाली.

परत निघताना ताई वस्तीच्या तोंडाशी थांबल्या. चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मिलिंदभाऊ, पत्रक सगळं वाचलं मी. टायर कुठं हाय त्याच्यात?"

"मी काळा मागितला व्हता," त्या म्हणाल्या. "तुमी माज्यासाठी भांडत व्हता, म्हणून मी गप बसले. त्यांच्यापुढं गप बसायची सवयच हाय आमाला. तुमच्यापुढं बी बसावं लागंल असं वाटलं न्हवतं."

अंगणवाडी सरपंचांच्या ओसरीवर भरते. मी जाऊन बघितलं. ओसरीवर चटई, चटईवर पोरं. वस्तीतली तीन पोरं पायरीवर, पाटी मांडीवर. सुकडी वाटायची वेळ आली की सूनबाई खाली येतात आणि हात उंच धरून त्यांच्या वाटीत टाकतात. सूनबाई वाईट नाहीत. त्यांनी पोरांना हाकललेलं नाही, फक्त वर बोलावलेलं नाही. ताईंचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग या उन्हाळ्यात बंद झाला. त्या आता रोजानं निंदायला जातात. किसनमामा त्यांना वाटेत भेटले तर बोलतात. वस्तीतल्या बाकी कुणाशी आता बोलत नाहीत.

गेल्या दिवाळीच्या आधी ताई सायकल घेऊन दुकानात आल्या. बदामी टायर काढून काळा टाकायचा होता. मी पाना घेऊन उठलो. ताई म्हणाल्या, "चाचांना येऊ द्या." चाचा नमाजाला गेले होते. ताई अर्धा तास बाकावर बसून राहिल्या. मी समोर दुसऱ्या कुणाचं तरी पंक्चर काढत होतो. चाचांनी आल्यावर खिळ्यावरची पट्टी काढली, आत घातली, काळा टायर चढवला, हवा भरली. ताईंनी अंगठ्यानं टायर दाबून बघितला आणि गेल्या.

धंद्यातलं शिकलो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होईल. रोजचा रस्ता डांबरी असेल तर बदामी पातळ टायर घ्या, हवा टणक ठेवा, सायकल हलकी चालते. शिवारातून जाणं असेल तर काळा जाड, आणि मागच्या चाकाला आतून गेटर, कारण माणसाचं वजन मागं असतं. पावसाळ्यात गेटर घातला तर मडगार्डचा बोल्ट सैल करून मडगार्ड बोटभर वर घ्या, माती अडकणार नाही. हो, एवढं सोपं होतं. दोन्ही अडचणींवर उपाय होता, बोटभराचा, पाच मिनिटांचा. शनिवारी मला तो सुचला नाही, कारण मी टायर निवडतच नव्हतो. मी बाजू निवडत होतो. आणि जिची बाजू घेतली, तिचं मी ऐकलं नाही.

नामांतर होईल. आज ना उद्या होईल, त्यासाठी मी पत्रकं लिहीत राहणार आहे. चाचांनी दुकानात ठेवलंय, तोवर टायरही बसवत राहीन. जिंतूरच्या ऑफिसात ताईंच्या नावापुढं अजून 'गैरहजर' आहे. मी आता माझी ती चार वाक्यं लिहून, सही करून तिथं दिली आहेत. उत्तर आलेलं नाही. एकट्याच्या कागदानं येणारही नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला माझी मागणी आहे. येत्या सोमवारी सकाळी तुमच्या गावातल्या अंगणवाडीत जा. ती कुणाच्या घरात भरते ते बघा. कोणती पोरं वर बसलीत आणि कोणती पायरीवर, ते बघा. पायरीवरच्या पोरांच्या आयांना विचारा, आणि त्या सांगतील ते पूर्ण ऐका. मग एका कागदावर लिहा, खाली स्वतःचं नाव घाला आणि पंचायत समितीत नेऊन द्या. तुम्ही पाहिली-ऐकली नाही अशी एकही ओळ त्यात घालू नका.